बैलाच्या पोटात

आमच्या गावात कुणी गेलं की पहिला निरोप आमच्या घरी येतो. तिरडी बाबा बांधतात. बांबू कुठला घ्यायचा, आडव्या काठ्या किती अंतरावर लावायच्या, दोरी कुठे आवळायची, हे त्यांना झोपेतही जमेल. लोक त्यांना मानतात, पण लग्नाचा मांडव घालताना बोलावत नाहीत. तोंडावर कुणी काही म्हणत नाही, "तुला कशाला त्रास" एवढंच म्हणतात. बाबाही बरं म्हणतात आणि त्या दिवशी उगाच कोयत्याला धार लावत बसतात.

म्हणून नेऱ्याजवळच्या एका फार्महाऊसवरच्या लग्नाचं काम त्यांना मिळालं, तेव्हा आम्हाला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. डेकोरेटर पनवेलचा, सगळे त्याला शेठ म्हणायचे. बाबांच्या हाताला सफाई आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो हात कशासाठी ओळखला जातो, ते बहुधा सांगितलं नव्हतं. लग्नाला 'बाली थीम' होती. गेटवर झावळ्या लावलेले उंच, वाकवलेले बांबू, आणि नवरदेवाची एंट्री एका मोठ्या काळ्या बैलावरून. बैलाचा फोटो शेठच्या मोबाईलवर होता. बाबांनी तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "व्हईल."

चाकांच्या लोखंडी गाड्यावर त्यांनी कामट्यांचा सांगाडा उभा केला. वर काळं मखमली कापड, शिंगांना सोनेरी कागद, आणि मान व शेपूट हलवायला पोटातून दोऱ्या. एकदा ते आईलाही बैल दाखवायला कामाच्या जागी घेऊन आले. आईने बैलाभोवती एक चक्कर मारली.

"माज्या लग्नात तर तुमी चालत आलेले," ती म्हणाली.

"तवा बैल कामावर व्हता," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. त्यांना इतकं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा कॉलेजात प्रोजेक्ट होता आणि मी इंडोनेशियातल्या समारंभांच्या हस्तकला हा विषय घेतला होता. खरं सांगायचं तर त्या झावळ्यांमुळेच. म्हटलं, निम्मं घरबसल्या पाहायला मिळेल. वाकवलेल्या बांबूंचं लगेच सापडलं. त्यांना पेंजोर म्हणतात, पिकापाण्याबद्दल देवाचे आभार मानायला ते दारापुढे उभारतात. मग लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बैल दिसला. अगदी आमचाच.

मी इंग्रजी हळू वाचतो, त्यामुळे आधी वाटलं की माझंच काही चुकतंय. पुन्हा वाचलं. बालीत माणूस गेला की असा पोकळ बैल तयार करतात. पाठ उघडून प्रेत आत ठेवतात आणि बैलासकट जाळतात. आत्म्याला पुढे नेणारं ते वाहन.

लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

शेठला सांगितलं असतं तर बैल गेला असता, आणि का गेला ते गावभर झालं असतं. लग्नाचं काम मिळालं तर तिथेही यानं मेलेल्याचंच बांधलं, असं लोक म्हणाले असते. नाही सांगितलं तर एक नवरा मुलगा त्यावर बसणार होता. घरी गेलो तेव्हा उद्याचा शर्ट इस्त्रीला द्यावा का, असं बाबा विचारत होते. मी म्हणालो, द्या.

दुसऱ्या दिवशी दोऱ्या ओढणारा माणूस आलाच नाही. शेठची नजर माझ्यावर पडली. "ए कॉलेज, तू सुकडा आहेस. घुस आत."

मी बाबांकडे पाहिलं. इस्त्रीच्या शर्टात ते वेगळेच दिसत होते. "जा रं," ते म्हणाले, "मी भायेरनं बांधतो."

आत बसता येत नव्हतं, उताणं पडावं लागलं. बाबांनी पोटाजवळचं कापड ओढून घेतलं आणि एकेक गाठ मारली. खळीचा वास, उकाडा, शिवणींतून येणारे उजेडाचे ठिपके. वर नवरदेव बसला तसा सांगाडा करकरला. मी पडलो होतो त्या जागी बालीत कोण असतं, ते मला माहीत होतं. बेंजो सुरू झाला, मी दोऱ्या ओढल्या, बाहेर शिट्ट्या पडल्या.

मग माझ्या कानाशीच एका बाईचा आवाज आला. "अगं, हा बैल आम्ही बालीला बघितला होता. मेलेल्या माणसाला ह्यात घालून जाळतात."

"काहीतरीच काय मावशी!"

"खरंच सांगते."

वरून नवरदेवाने विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"काही नाही सर," शेठचा आवाज. "मॅडम, नंदी आहे हा. शंकराचा नंदी. पाया पडा."

कुणीतरी खरंच नमस्कार केला. कापडावर बाहेरून तळहात टेकला, माझ्या हाताच्या अगदी शेजारी. शेठने बैलावर थाप मारली. "कॉलेज, मान!" मी दोरी ओढली. बैलाने मान डोलावली.

"बघा, नंदी हो म्हणतोय," कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

नंतर बैल मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवला आणि लोक जेवायला गेले. मला सोडायला कुणी आलं नाही. दोनदा हाक मारली. बऱ्याच वेळाने बाबांच्या चपला वाजल्या, पण त्यांनी गाठी सोडायला घेतल्या नाहीत.

"ती बाई बोल्ली ती खरं हाय?"

"बाबा, आदी सोडा."

"खरं हाय का?"

"हाय."

"तुला ठावं व्हतं?"

"कालपासून."

मग मी आतूनच, कापडातून, वाचलेलं सगळं सांगत सुटलो. तिथे हा बैल कुणी एकटा बांधत नाही. कुणी बांबू, कुणी कापड, कुणी शिंगं करतं, बायका पूजेचं करतात, आणि सगळे मिळून तो नेतात.

"सगली वस्ती?"

"तसं लिवलंय."

"मंग कोना येकाचा हात नसतो." मग ते गाठी सोडू लागले. बाहेर आलो तेव्हा डोळे दिपले, त्यांचा चेहरा लगेच दिसला नाही. "कोनला बोलू नको," ते म्हणाले.

लग्नाचा व्हिडिओ गावात फिरला. बाबा आता नंदीवाले झालेत. शेजारच्यांनी हळदीच्या मांडवाला त्यांना पहिल्यांदा बोलावलं आणि ते गेले. तिरडीलाही जातात. मी प्रोजेक्टमध्ये पेंजोर लिहिले, बैल गाळला. शेठने बैल गोडाऊनमध्ये ठेवलाय, बालीची लग्नं येतच असतात, आणि आत अजून मीच असतो. सांगायचं कुणाला आणि कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

पण बाबांनी एक बदल केला आहे. पोटाजवळचं कापड बांधायची दोरी त्यांनी आत घेतली. सरकगाठ आहे, एका ओढीत सुटते. त्यांनी ती मला दाखवली नाही, अंधारात हाताला लागली. एका हाताने मी बैलाची मान हलवतो, आणि लग्न लागेपर्यंत दुसऱ्या हातात ती नुसती धरून ठेवतो.