शेवटचा रकाना

जगाचा शेवट इतक्या वेळा आणि इतक्या शांतपणे पुढे ढकलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. चेन्नईत वेलचेरीला आम्ही तळमजल्यावर आणि हे मास्तर आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. मूळचे नगरचे, तिथल्याच एका शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर, एकटे. बायबलमधल्या दानीएल आणि प्रकटीकरण या दोन पुस्तकांतलं सगळं भविष्य त्यांनी जाड मांजरपाटाच्या लांब तक्त्यावर तैलरंगात काढलं होतं: सिंह, अस्वल, दहा शिंगांचं श्वापद. तारखा मात्र पेन्सिलीने. खोडरबर तक्त्यालाच दोऱ्याने बांधलेलं. कुठे युद्ध झालं की मास्तर खोडायचे, फुंकर मारायचे आणि नवा आकडा घालायचे. "शाईला देव बांधील नाही, ताई." नाक्यावरच्या शेअर ऑटोवाल्याने एकदा विचारलं, "सार, शेवट पेट्रोल वाढायच्या आधी की नंतर?" मास्तरांनी गंभीरपणे सांगितलं, "नंतर. तू टाकी भरून ठेव."

भिंत नऊ फुटांची आणि तक्ता बारा. त्यामुळे शेवटचा रकाना कायम उजव्या बांबूला गुंडाळलेला असे. तो सगळ्यांत शेवटी उलगडायचा, हा मास्तरांचा नियम. आणि मास्तर तक्ता समजावताना शेवटापर्यंत कुणी टिकत नसे. चर्चमधली माणसं अस्वलाशी उठत. मी चिवट, म्हणून दहा शिंगांपर्यंत जायची, मग म्हणायची, "मास्तर, कुकर लावलाय." त्यावर ते लगेच "हो हो, जा" म्हणायचे आणि छडी भिंतीला टेकवून ठेवायचे.

त्सुनामी आली तेव्हा कॉलनीतल्या चारजणांनी त्यांना गाठलं: हे तक्त्यात होतं का? मास्तरांनी आठवडाभर तक्ता उतरवूनच ठेवला. मला एवढंच म्हणाले, "मेलेल्यांवर गणित करत नाहीत."

पुढच्या वर्षी पावसाने आमच्याच घरात पाणी घुसलं. भर दुपारी गुडघाभर पाणी, वीज गेलेली आणि सासूबाई अर्धांगाने खाटेवर. मी आणि हे त्यांना उचलायला बघतोय, पण जमेना. तेवढ्यात मास्तर जिन्यावरून तक्ता घेऊन उतरले. मांजरपाट दुहेरी केला, गुंडाळलेला रकाना उशीसारखा डोक्याखाली दिला, वॉचमनला हाक मारली आणि चौघांनी चार टोकं धरली. कपडा मधोमध पाण्यात बुडला. सासूबाई ओरडल्या, "अरे, मला त्या राक्षसाच्या शिंगांवर काय निजवता!"

"निजा, आजी," मास्तर धापा टाकत म्हणाले, "याचं राज्य फार दिवसांचं नाही."

वर मास्तरांच्या घरी पोचल्यावर मी खिडकीतून पाण्याकडेच बघत राहिले. मी विचारलं, "मास्तर, पाणी अजून चढेल?" ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीची तारीख असे, ते म्हणाले, "मला नाही ठाऊक. ज्याला ठाऊक आहे तो काही झोपलेला नाही. चहा घ्या." आणि पाणी उतरेपर्यंत सासूबाईंच्या उशाशी बसून राहिले.

ऊन पडल्यावर तक्ता गच्चीत वाळत घातला. श्वापदं ठणठणीत होती. तारखा सगळ्या धुऊन गेल्या होत्या. मला वाईट वाटलं, त्यांना नाही. "ते माझंच गणित होतं," म्हणाले. मग जरा संकोचून, "ताई, आता एकच रकाना राहिलाय. ऐकता?"

मी म्हणाले, "कुकर लावलाय, मास्तर."

पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. नगरहून आलेला भाचा घर रिकामं करताना तक्ता टाकून देणार होता. मी मागून घेतला. घरी येऊन आधी उजवा बांबू उलगडला. तिथे ना प्राणी, ना आकडा. काळ्या तैलरंगात, शाळेच्या फळ्यावर असतं तशा अक्षरात, लिहिलं होतं: "इथे तारीख नाही. जग ज्याचं आहे त्याच्याच हातात आहे. घाबरलेल्यांजवळ जाऊन बसा."

वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आणि त्यांनी गच्चीत विचारलं त्या दिवशी मी कुकर लावलेलाच नव्हता.