जाऊबाईंच्या जांभया

माझ्या थोरल्या जाऊबाई कुडपणला गुरं आणि शेती सांभाळत, आणि मी खाली पोलादपूरला प्राथमिक शाळेत शिकवत होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी त्यांनी मला एकाही गोष्टीत पुढे जाऊ दिलं नव्हतं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या चढण चढत आणि मी नुसती पर्स घेऊन मागे धापा टाकत असे. वर पोचले की म्हणत, “आली का मास्तरीण? वाटलं, वाटंतच वस्ती करतेस.” बोलणं मायेचंच, पण मला ते झोंबायचं.

म्हणून दोन हजार सालानंतरच्या एका प्रजासत्ताक दिनाला आमच्या शाळेच्या मैदानावर पंचेचाळिशीपुढच्या बायकांची शर्यत ठरली, तेव्हा मी दोघींचीही नावं देऊन टाकली. डोंगर त्यांचा असेल, सपाटीवर मी त्यांना हरवणार होते. एकदाच, पण हरवणारच. महाडहून कॅनव्हासचे बूट आणले आणि महिनाभर पहाटे मैदानाला फेऱ्या मारल्या. गुडघे काय म्हणत होते ते मी ऐकलंच नाही.

त्यात शर्यतीच्या सकाळी मुंबईला डॉक्टरी शिकणारी माझी मुलगी नळ्या घेऊन आली. हौशी, वयस्क खेळाडूंना स्पर्धेआधी किती ताण येतो ते तिला मोजायचं होतं. ताण आला की अंगात कॉर्टिसॉल वाढतं आणि ते थुंकीतही उतरतं, म्हणे. आम्हा अकरा जणींच्या हाती एकेक नळी देऊन ती म्हणाली, थुंका. एकीलाही थुंकी येईना. धास्तीने सगळ्यांची तोंडं सुकलेली, आणि वर पाणी प्यायचं नाही, काही चघळायचं नाही. शेवटी जाऊबाईंनी चिंचेचं वर्णन सुरू केलं. पिकत आलेली चिंच, वर मीठ, ठेचलेली मिरची, जरासा गूळ. भराभरा नळ्या भरल्या. पाहुणे मंडळी स्टेजवरून तो सोहळा बघत होती आणि आम्ही हसून हसून रेघेवर उभ्या राहू शकत नव्हतो.

रेघेवर जाऊबाई नऊवारीचा काष्टा खोचून, अनवाणी, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोठी जांभई दिली. मग आणखी एक. माझं काळीज ढोल बडवत होतं आणि ही बाई जांभया देत होती. इतका अपमान मला चढणीवरही वाटला नव्हता.

दोन फेऱ्या होत्या. दीड फेरीपर्यंत मी पुढे होते, अगदी हवेत. मग मागून अनवाणी पावलांचा आवाज जवळ आला आणि जाऊबाई हातभर अंतराने जिंकल्या. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

शिमग्याला आम्ही सगळे कुडपणला जमलो तेव्हा मुलीने निकाल आणला. शर्यतीआधी सर्वांत जास्त ताण मोठ्या काकीला होता, ती म्हणाली, आईच्याही वर. आणि जांभया भीतीनेही येतात.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या चुलीत लाकूड सारत होत्या.

“ताई, तुम्ही घाबरला होतात?”

“तर काय गो. तू बूट घालून पहाटंची धावतेस, असं पोरांनी सांगितलं. आठ दिस डोळ्याला डोळा नाय. मी पण गुरांच्या निमित्तानं माळावर धावत होते. तुझ्याकडनं हरले असते तर वाडीत तोंड दाखवायला जागा नव्हती.”

मला काय झालं कळेना. मी त्यांचे राखेचे हात धरले आणि तिथेच फुगडी धरली. “सोड गो, गुडघं हायत,” म्हणता म्हणता त्याच मला गरागरा फिरवू लागल्या. भांडी पडली, मुलगी ओरडली, आणि मी हसत सुटले. पंचवीस वर्षांत मला कुणी इतकं घाबरलं नव्हतं, आणि घाबरल्या त्या नेमक्या जाऊबाई.