मिस्त्रीने सही केली नाही तो दिवस

फ्लाइंग क्लबात मी गेले ती आकडा भरायला. बालाघाटला क्लब निघायचा होता आणि सरकारी मान्यतेसाठी ठरावीक सभासद लागत होते. वकील झाले, राइस मिलवाले झाले, खाणीतले इंजिनिअर झाले, तरी एक नाव कमी पडलं. आमच्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावून फॉर्म पुढे सरकवला. तू भूगोल शिकवतेस, वारा-बिरा तुला कळतो, सही कर, म्हणाल्या. मी केली. सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट असेल. मी चोवीस वर्षांची होते आणि बैलगाडी, बस आणि गोंदियाची छोटी आगगाडी सोडली तर कशात बसले नव्हते.

त्या रविवारी रामपायलीला घरी गेले तेव्हा बाबांना सांगितलं. बाबा धानाची शेती करत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि पुढच्याच जूनमध्ये मला बालाघाटच्या बोर्डिंगात ठेवलं, असा माणूस. त्यांनी हातातला विळा बाजूला ठेवला. मग विचारलं, "कागद वाचून सही केली काय?"

"हौ, बाबा."

"मंग जा."

क्लब म्हणजे गावाबाहेर माळावरची एक मातीची धावपट्टी, पत्र्याची शेड, बांबूवर फडफडणारी वाऱ्याची पिशवी आणि मोठ्या शहरातल्या क्लबाने उसनं दिलेलं एक पिवळं विमान. दोन जागा, एकामागे एक. जवळ जाऊन हात लावला तर पंख कापडाचा निघाला. घट्ट ताणलेलं, लेप देऊन टणक केलेलं कापड. बोटाने टिचकी मारली की हलगीसारखं वाजायचं. मी हात मागे घेतला. हे वर जातं आणि माणसाला घेऊन जातं, हे मला त्या कापडाला शिवल्यावर जास्तच अशक्य वाटायला लागलं.

शिकवायला वायुदलातून निवृत्त झालेले एक साहेब होते. उंच, कमी बोलणारे, सगळे त्यांना कप्तानसाहेब म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त फिरवून आणायचं ठरवलं होतं. साडीचा पदर खोचून, वर शाळेच्या शिपायाचा जुना कोट घालून मी बसले. विमान पट्टीवर धडधडत पळालं, आणि मग ती धडधड एकदम थांबली. मला वाटलं काहीतरी बंद पडलं. खाली पाहिलं तर आम्ही जमिनीवर नव्हतो.

वैनगंगा मी रोज पाहत होते. पुलावरून, घाटावरून, नकाशात तर किती वेळा. पण ती अशी आहे हे मला माहीत नव्हतं. वाळूचे पांढरे पट्टे आणि त्यांतून एकमेकींना सोडणाऱ्या, पुन्हा भेटणाऱ्या पाण्याच्या धारा. पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्यांचे हजार तुकडे, प्रत्येकात थोडं आभाळ. तळी. खाणीजवळ मॅंगनीजचे काळे ढीग, आणि त्यापलीकडे बैहरच्या बाजूला डोंगरामागे डोंगर, जंगल काही संपतच नव्हतं. पाच वर्षं मी मुलींना फळ्यावर हा जिल्हा काढून दाखवत होते. उतरल्यावर साहेबांनी विचारलं, कसं वाटलं. मी कोटाची बटणं काढत राहिले. शिकणार का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र लगेच हो म्हटलं.

शिकायला आधी डॉक्टरांचा दाखला लागे. सिव्हिल सर्जननी माझे डोळे तपासले, डोळे मिटवून एका पायावर उभं केलं आणि फॉर्म भरायला घेतला. फॉर्म इंग्रजीत, सगळीकडे 'तो'. डॉक्टर नीटनेटके गृहस्थ. त्यांनी प्रत्येक 'तो' खोडून वर बारीक अक्षरात 'ती' लिहिलं. महिन्याभराने दिल्लीहून फॉर्म परत आला. छापील मजकुरात खाडाखोड चालत नाही. दुसरा फॉर्म न खोडता गेला, तो मंजूर झाला. त्या खात्याच्या दप्तरात मी अजूनही पुरुष असेन.

आता मिस्त्रीभाऊंविषयी सांगते. ते लांजीकडचे. उकव्याच्या खाणीत हवा दाबणाऱ्या यंत्रांवर बारा वर्षं काम केलेलं. विमानाच्या मिस्त्रीला सरकारी परवाना लागतो आणि त्याची परीक्षा इंग्रजीत. शाळा त्यांची चौथीपर्यंत झालेली. शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत त्यांनी ती पुस्तकं वाचली, दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा पास झाले. उडण्याआधी रोज सकाळी विमान तपासून वहीत त्यांची सही झाल्याशिवाय ते जमिनीवरून हलवायचं नाही, असा कायदा होता. कप्तानसाहेबांनाही तो लागू होता. सही करायला त्यांना वेळ लागे. आधी हात पुसायचे, मग पेनचं टोपण काढायचे, मग एकेक अक्षर. तरुण सभासद त्यांच्या पाठीमागे हसायचे.

हिवाळाभर मी रविवारी आणि शाळेआधी सकाळी शिकले. रोज नाही तरी गावातली माणसं बघायला यायचीच. शेडजवळ वकिलांच्या घरून चहा-पोहे यायचे, खाणीतले इंजिनिअर सतरंजी अंथरून पत्ते खेळायचे, जवळच्या खेड्यातल्या बाया गवताचे भारे डोक्यावर घेऊन थांबायच्या आणि मी उतरले की माझ्याकडे एकटक बघायच्या. एकीने एकदा माझ्या पायांना हात लावला. मी घाबरून मागे सरले, तर ती म्हणाली, "बाई, वरून आमचं घर दिसते काय?" मी सांगितलं, दिसतं, छपरावर कवेलू नवीन टाकलेत ना. तिने तोंडावर हात ठेवला.

फेब्रुवारीत दिल्लीहून तपासणीसाठी निरीक्षक येणार असल्याचं पत्र आलं. क्लबाची मान्यता चालू ठेवायची की नाही ते त्यांच्या अहवालावर. क्लबाच्या चिटणीसांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, ठरवलं की त्याच दिवशी निरीक्षकांसमोर मी पहिल्यांदा एकटीने उडायचं. जिल्ह्यातली पहिली मुलगी. कलेक्टरांना बोलावलं. आमच्या शाळेच्या मुली दोन-दोनच्या रांगेत आल्या. मांडव घातला, सनई-चौघडा तेवढा राहिला. रामपायलीहून बाबा पहिल्या बसने आले आणि मांडवात न बसता कुंपणाच्या खांबाजवळ उभे राहिले.

मी पुढच्या बैठकीत बसून पट्टा बांधला होता. मिस्त्रीभाऊ शेवटची फेरी मारत होते. पंखाला खालून तिरपा आधार देणारी लोखंडी दांडी जिथे विमानाच्या अंगाला जोडलेली असते, तिथे ते थांबले. वाकले. अंगठा फिरवला. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, खडू आहे काय?"

माझ्या कोटाच्या खिशात खडू नेहमीच असायचा. त्यांनी तो घेतला. त्या जोडावर रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबले, फडक्याने कोरडं केलं आणि वरून खडूची पूड चोळली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पूड ओली करतं आणि रेघ उमटते. मी वरून वाकून पाहत होते. पांढऱ्या पुडीत केसाएवढी ओली रेघ हळूहळू वर आली.

कप्तानसाहेब आले, त्यांनी भिंगातून पाहिलं. तो ओरखडा आहे, म्हणाले. पाना घसरला असेल, ओरखड्यातही रॉकेल राहतं. ते खोटं नव्हतं. मिस्त्रीभाऊंनीही मान हलवली. ओरखडा असू शकतो, म्हणाले, नसूही शकतो. मग वकीलसाहेब आले. ते आधी समजावून बोलले, मग चढ्या आवाजात. कलेक्टर बसलेत, दिल्लीचा माणूस बसलाय, आज विमान उडलं नाही तर क्लब बंद पडेल, तुमची नोकरीही जाईल. एकच फेरी, पाच मिनिटांची. मांडवातले लोक माना उंच करून बघत होते.

मिस्त्रीभाऊ वही छातीशी धरून उभे होते. त्यांचा आवाज कापत होता. मला तो अजून ऐकू येतो.

"साहेब, मले दिसून राह्यलं. दिसलं नसतं त सही केली असती. आता दिसलं, त नाई दिसल्यावानी कसं करू?"

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, उतरा."

मी कप्तानसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. वायुदलातला माणूस, चौथी शिकलेल्या मिस्त्रीने शेकडो लोकांसमोर त्यांचं म्हणणं मानलं नव्हतं. क्षणभर वाटलं, आता ते ओरडणार. ते म्हणाले, "उतरा. त्यांची सही नाही."

मी उतरले. रडू येत होतं आणि मुलींसमोर रडायचं नव्हतं. निरीक्षक उठून आले, जोड पाहिला, वही पाहिली. आपल्या डायरीत लिहीत राहिले. कलेक्टर निघून गेले. मुलींना तसंच रांगेत परत नेलं. बाबा मिस्त्रीभाऊंपाशी गेलेले मला दिसले. दोघं काही बोलले की नाही कळलं नाही. बाबांनी त्यांना तंबाखूची डबी पुढे केली एवढं पाहिलं.

तो लोखंडी भाग काढून तपासणीला कलकत्त्याला पाठवला. सव्वा महिन्याने कागद आला. चीर नव्हती. ओरखडाच होता.

गावाने मिस्त्रीभाऊंचं जिणं नकोसं केलं. पानठेल्यावर कोणीतरी खडूचा तुकडा पुढे करून विचारायचं, भाऊ, आमची सायकल तपासता काय. वकीलसाहेब त्यांच्याशी बोलेनासे झाले. मलाही, खरं सांगते, राग होता. वाया गेलेला तो दिवस मला माझा वाटत होता. एकदा शेडमध्ये मी त्यांना टोचून म्हटलं, "शेवटी ओरखडाच निघाला ना, भाऊ." त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "हौ. बरं झालं," म्हणाले. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं. आपण चुकलो याचा आनंद झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग दिल्लीचं पत्र आलं. वकीलसाहेबांनी सगळ्यांना जमवून वाचलं. दोन पानं भरून दोष. पट्टीला पुरतं कुंपण नाही, गुरं शिरतात. वाऱ्याची पिशवी फाटकी. आग विझवायच्या बादल्यांत वाळूऐवजी विड्यांची थोटकं. काही नोंदी पेन्सिलीत. अमुक महिन्यांत सगळं सुधारा. आणि खाली, विमानाच्या देखभालीच्या रकान्यात एकच शब्द: समाधानकारक. मान्यता चालू.

वकीलसाहेबांनी तो शब्द दोनदा वाचला. मग खुर्चीवरून उठले, शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्रीभाऊंकडे गेले आणि त्यांना आत आणून आपल्या खुर्चीवर बसवलं. भाऊ अवघडून, खुर्चीच्या कडेवर टेकले.

चैत्रात विमान पुन्हा तयार झालं. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि खेड्यातल्या बायांना ती वाळवायला आमची पट्टीच सगळ्यात चांगली वाटायची. नियमात ते बसत नव्हतं. पत्र वाचून दाखवल्यावर त्यांनीच फुलं उचलून गवताच्या कडेला नेली. पण वास सगळ्या माळावर होता. सकाळचे सात वाजले असतील. कोणाला बोलावलं नव्हतं. मिस्त्रीभाऊंनी विमानाभोवती दोन फेऱ्या घातल्या, हात पुसले, टोपण काढलं, सही केली. कप्तानसाहेबांनी मागच्या रिकाम्या बैठकीचा पट्टा घट्ट बांधला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

एका माणसाचं वजन कमी झालं की विमान किती वेगळं होतं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. निम्म्या पट्टीतच ते वर झेपावलं. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण भीतीला जागाच उरली नव्हती, इतकं समोरचं सगळं मोठं होतं. ऊन कोवळं होतं, नदी तांब्यासारखी होती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध मी एका कापडाच्या पंखावर, एका माणसाच्या सहीवर तरंगत होते. डावीकडे वळले. पुन्हा डावीकडे. इंजिन मंद केल्यावर फक्त तारांतून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज राहिला. जमीन आधी हळू, मग फार भराभर आली. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली.

बाया फुलं वेचायचं सोडून उभ्या होत्या. कप्तानसाहेबांनी हात मिळवला. मिस्त्रीभाऊ धावत आले ते माझ्याकडे नाही, त्या जोडाकडे. वाकून पाहून झाल्यावर त्यांनी वर बघितलं तेव्हा कपाळावरून घाम निथळत होता.

मी विचारलं, "भाऊ, सही करताना भीती वाटली काय?"

"दर टायमाले वाटते, बाई," ते म्हणाले. "म्हणून त दोन चकरा मारतो."

पुढे चार-पाच वर्षांनी क्लब बंद पडला. शहरातल्या क्लबाने आपलं विमान परत नेलं, कप्तानसाहेब दुसरीकडे गेले, मिस्त्रीभाऊ मोठ्या विमानतळावर नोकरीला लागले. मी त्या फेरीनंतर फार उडले नाही. लग्न झालं, बदली झाली. पण वर्गात वैनगंगा काढताना मी फळ्यावर एक रेघ ओढणं सोडलं. तीन-चार धारा काढायचे, एकमेकींना सोडणाऱ्या, पुन्हा भेटणाऱ्या. मुली म्हणायच्या, बाई, पुस्तकात तर एकच आहे.