नाव ठेवायचं नाही

कोंबडी खाण्यात माझा हात धरणारं आमच्या अख्ख्या खानदानात कुणी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून मी कुणाला हळव्या मनाची वगैरे वाटायला नको. सोमवार आणि गुरुवार सोडले, तर माझ्या ताटात काहीतरी पोहणारं नाहीतर पळणारं लागतंच. त्यामुळे ज्या दोन कोंबड्यांसाठी मी सख्ख्या आईशी दीड महिना भांडले, त्या आमच्या घरी आल्या होत्या त्या खाण्यासाठीच.

मुलुंडला आम्ही दोघीच राहतो, मी आणि आई. जुन्या इमारतीत तळमजल्याचं घर आहे. स्वयंपाकघराच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, मातीची एक अरुंद पट्टी आहे. तिथे एक पपई आपली आपण उगवली आहे. वडील जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, गावी घर आणि गणपती सांभाळतात. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन आत्ता करू, दुसऱ्याचं गणपतीनंतर, असं मुंबईच्या डॉक्टरांनी ठरवलं. पहिल्या डोळ्यासाठी निघताना काकांनी बरोबर डालग्यात दोन जिवंत गावठी कोंबड्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी गटारी होती. श्रावणाआधीचं ते शेवटचं झणझणीत जेवण भावजयीच्या हातचं व्हावं, एवढाच त्यांचा हिशेब होता.

पण घाटात दरड कोसळली आणि बस अडकली ती अडकलीच. काका आमच्या दारात पोचले तेव्हा गटारी उलटून गेली होती.

"भावजी," आई दारातच म्हणाली, "आज श्रावण लागलो."

काकांनी डालग्याकडे पाहिलं. डालग्यातून दोघींनी काकांकडे पाहिलं. शेवटी काका म्हणाले, "ऱ्हवांदे. गणपती जावंदेत. दुसऱ्या डोळ्याक येतंय तेव्हा वडे-सागोती करा. तवसर पोसा." आईने बरं म्हटलं, आणि आमच्याकडे आईने बरं म्हटलं की ते कोर्टाच्या शिक्क्यासारखं असतं.

पोसायचं कुणी? आईचं लहानपण कोंबड्यांत गेलेलं, पण तिच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि मागच्या दाराच्या दोन पायऱ्या उतरायलाही ती तयार नव्हती. म्हणजे काम माझ्या गळ्यात. मी आयुष्यात साधं कासवही पाळलेलं नव्हतं. तिने खुर्ची मागच्या दारात ओढली, बसली आणि पहिला नियम सांगितला.

"एक सांगतंय गो. नाव ठेवू नको. नाव ठेवलंस काय सुरी चलना नाय."

लहानपणी तिने एका कोंबडीचं नाव ठेवलं होतं म्हणे. त्या रविवारी ती नुसता भात खाऊन उठली होती. एवढंच सांगितलं, ते नाव काय होतं ते काही सांगितलं नाही.

नाव ठेवायचं नाही तर नाही. पण दोन जीव घरात असले की बोलताना काहीतरी म्हणावं लागतंच. तांबूस कोंबडी धीट होती, सारखी पायात घुटमळायची. काळी, पांढऱ्या ठिपक्यांची, भित्री होती आणि पपईच्या मागे लांब उभी राहायची. "हिने कणी खाल्ली, तिने नाही खाल्ली," असं मी आईला सांगायला लागले. जवळची ती 'ही' आणि लांबची ती 'ती'. आठवड्याभरात काळीही जवळ यायला लागली, पण तोवर ती 'ती'च झाली होती. मग माझी जी काही भाषा झाली ती ऐकण्यासारखी होती. "आई, ही 'ती' आहे ना? मग 'ही' कुठाय?" आईला यात काही वावगं दिसलं नाही. सर्वनाम म्हणजे काही नाव नव्हे.

राहायला जागा हवी म्हणून मी गॅलरीतलं चपलांचं जुनं कपाट बाहेर काढलं. त्याच्या दारांना पट्ट्या होत्या, वारा छान खेळता राहिला असता. आई खुर्चीतून ओरडली, "हळू गो! हेंनी केलेला आसा ता!" हे म्हणजे माझे वडील. तिच्या तोंडून त्यांचं नाव मी कधीच ऐकलं नाही. "हे इले", "हेंका चाय दी" अशानेच तिचा संसार झाला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव सांगायची वेळ आली, तेव्हाही तिने माझ्याकडे बोट केलं आणि मी सांगितलं. मी कपाट जपूनच धरलं. खालचे दोन कप्पे काढले, आडवा दांडा ठोकला, पुढे जाळी मारली. मी ठोकलेला पहिला खिळा वाकला, दुसरा बोटावर बसला आणि बाकीचे बावीस सरळ गेले. तयार झालेल्या खुराड्यासमोर उभं राहून मी फोटो काढला आणि ऑफिसात सगळ्यांना दाखवला. कुणी विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी माझी शोभा झाली. दोघींना खुराड्यात घालायचं म्हणून मी त्यांच्यामागे धावायला लागले. पपईला किती फेऱ्या मारल्या देव जाणे. वरच्या खिडक्यांत बायका जमल्या. एकदा मी 'हि'ला धरलं, तर हातात नुसतं शेपटीचं पीस आलं. घामाघूम होऊन मी पायरीवर बसले, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "दिवेलागणीक आपापल्या जातत त्यो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस खंय?"

आणि खरंच, जरा अंधारून आलं तशा दोघी चालत आल्या, मान वाकवून आत शिरल्या आणि दांड्यावर एकमेकींना खेटून बसल्या. मी आयुष्यभर ज्यांना रश्शात पाहत आले होते, त्या वेळेवर घरी येतात हे मला ठाऊकच नव्हतं. दार लावताना मला भरून आलं. राग आला तोही खरा, कारण तेव्हाच मला कळलं की या दोघींवर सुरी चालताना मी घरात थांबू शकणार नाही.

आम्ही नाव ठेवलं नव्हतं, तरी बिल्डिंगने नावं ठेवायला सुरुवात केली. वास येईल, घाण होईल, हे काय खेडं आहे का? सगळ्यात जोरात बोलत होत्या आमच्या डोक्यावर राहणाऱ्या गुजराती काकू. मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी जागा झाडून, राख टाकून, चकाचक करायला लागले. हट्टाने. मग एके दिवशी ड्रेनेजचं झाकण उघडलं आणि बाहेर पडलेली झुरळांची पलटण दोघींनी पाच मिनिटांत फस्त केली. काकू हे वरून बघत होत्या. त्या दिवसापासून कबुतरांसाठी ठेवलेली ज्वारी त्यांच्या खिडकीतून आमच्या मातीत पडायला लागली. "तुमच्या मुर्ग्या एकदम झकास हाय हां," त्या म्हणाल्या. "पन कापनार नाय ना?"

मी आईकडे पाहिलं. आई लसूण सोलत होती.

गणेशचतुर्थीला आठवडा राहिला असताना 'ती' हरवली. शनिवारी दुपारी मी मागे गेले तर 'ही' एकटीच कावरीबावरी फिरत होती. मांजरं आमच्या गल्लीत काही कमी नाहीत. मी पुढच्या बाजूला धावले, गाड्यांखाली वाकून बघितलं, पंपाच्या खोलीमागे जाऊन आले. कुठेच नाही. परत आले तर मागच्या दारातली खुर्ची रिकामी.

आई दोन पायऱ्या उतरली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने महिनाभर विनवण्या करूनही जी उतरली नव्हती, ती भिंतीला धरत धरत कंपाउंडच्या कडेने चालली होती आणि हाका मारत होती, "ती, ती, ती, ती! येऽ, ती ती!" तिच्या आवाजात रडू होतं. मी तिच्या मागून चालले.

भंगारात टाकलेल्या एका टायरमध्ये 'ती' बसलेली होती, अंग फुगवून, आमच्याकडे रागाने बघत. आईने हलकेच हात खाली घातला आणि एक अंडं बाहेर काढलं. लहानसं, मातकट रंगाचं, एका बाजूला रक्ताचा बारीक ठिपका. 'ती'चं पहिलं अंडं. आईने ते कोमट अंडं आधी एका मिटल्या डोळ्याला लावलं, मग दुसऱ्या. "माझी आये असा लावी होती," आई म्हणाली. मी टायरशेजारी उभी राहून लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. अख्ख्या बिल्डिंगला ओरडून सांगितलं. श्रावणात अंडं चालतं, असा निवाडा आईने तिथल्या तिथे दिला. त्या अंड्याचा पोळा आम्ही दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला आणि असं अंडं मी जन्मात खाल्लं नव्हतं, यावर मी आजही पैज लावायला तयार आहे.

"आता तरी?" मी जेवताना विचारलं.

"आता तरी काय? भावजींका सांगितलेला आसा. पावण्याक काय सांगतलंस, तुमी खावक हाडलेली कोंबी आमका आवडली?"

गणपती आले आणि गेले. आईच्या गुडघ्यामुळे आम्ही त्या वर्षी गावी गेलो नाही. काकांचा फोन आला, रविवारी येतंय, सोमवारी डोळो. फोनवरही त्यांनी वड्यांची चौकशी केली. माझ्याकडे चार दिवस होते. मी आईला गोडीने सांगून पाहिलं, चिडून सांगून पाहिलं, जेवणावरून उठून पाहिलं. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. मग मी माझा बेत केला. रविवारी सकाळी बाजारात जाऊन दुकानातली कोंबडी कापून आणायची, तीच शिजवायची आणि आई अडली तर खुराड्यासमोर बसून राहायचं. गावठी आणि बॉयलर यांतला फरक काका पहिल्या घासाला ओळखतील, हे मला माहीत होतं. ओळखू देत. भांडण माझ्याशी करू देत.

पिशवी घेऊन मी परत आले, तर फाटकापाशीच वास आला. भाजलेलं खोबरं, कांदा, गरम मसाला. कोंबडीच्या सागोतीचं वाटप! मी बाजारात गेले तेवढ्यात आईने काम उरकलं होतं. मी घरात न शिरता बाजूने मागे पळाले. तोंडाने मी काय बोलत होते ते सांगण्यासारखं नाही.

पपईखाली 'ही' माती उकरत होती. 'ती' तिच्या शेजारी उन्हात पंख पसरून पडली होती.

मी मागच्या दारातून स्वयंपाकघरात गेले. आईने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. टोपात काळे वाटाणे रटरटत होते. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वाटप तेच सागोतीचं. आता काळे वाटाणे काही आयत्या वेळी शिजत नाहीत, ते आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात. म्हणजे शनिवारी मी तोंड फुगवून बसले होते, तेव्हाच हिने वाटाणे पाण्यात टाकले होते आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"पिशयेत काय हाडलंस?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले आणि कोंबडी फ्रीझरमध्ये टाकली. मंगळवारी ती मी खाल्ली, आवडीने. मी काही माळ घातलेली नाही.

काका साडेबाराला आले, काळा चष्मा लावून. हातपाय धुऊन ताटावर बसले. वडे टम्म फुगलेले होते. काकांनी वडा मोडला, सांबाऱ्यात बुडवला आणि हात तिथेच थांबला. नव्या डोळ्याने त्यांनी वाटी नीट न्याहाळली.

"कोंबयो खंय?"

"मागीलदारी आसत," आई म्हणाली. हातातला झारा तिने घट्ट धरला होता. "भावजी, तुमका वाईट वाटात. पण माझ्यान होवचा नाय."

मी उठायच्या तयारीत होते. भांडायची सगळी वाक्यं तोंडपाठ होती.

काका तिच्याकडे बघत राहिले. "वयनी, नाव ठेवलास?"

"नाय ओ! नाव खंय ठेवलंय. आमी आपला नुसता 'ही' आणि 'ती' म्हणतंव."

काकांनी चष्मा काढला. आधी भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं, मग आईकडे.

"तुमी 'ही' म्हणतास?" ते म्हणाले. "मगे ठेवलास मा नाव."

आईने हातातला झारा खाली ठेवला. मग तिने तोंडाला पदर लावला आणि ती हसायला लागली, की रडायला, ते मला कळलं नाही. काकांनी हातातला घास तोंडात घातला, चावला, मान हलवली आणि आणखी एक वडा मागितला. मी दोन वाढले. मला इतका आनंद झाला होता की वाटी भरताना सांबारं त्यांच्या ताटाबाहेर सांडलं.

मग मी दोन वडे उचलले, मागचं दार उघडलं आणि दोघींना एकेक टाकला. 'हि'ने आपला जागेवरच फोडला. 'ती' आपला घेऊन पपईमागे पळाली.