रविवारची ड्युटी

आमची ख्रिस्ती मंडळी बिरवाडीत, पिठाच्या गिरणीमागच्या एका भाड्याच्या खोलीत जमते. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक कारखान्यांत कामाला. एक जानेवारीची उपासना सकाळी साडेनऊला असते, कारण तोवर रात्रपाळीवाले अंघोळ करून येतात. त्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून ख्रिस्ताच्या मागे चालायचा शब्द पुन्हा द्यायचा आणि वर्षाचा एक संकल्प सांगायचा, अशी आमच्या पाळकांची पद्धत. अट एकच: संकल्प पाळला की नाही, ते दुसऱ्याला दिसलं पाहिजे. ‘सगळ्यांशी प्रेमानं वागेन’ असलं मोघम चालत नाही.

मी दर वर्षी ‘रोज एक अध्याय वाचीन’ म्हणून सुटायचो. फेब्रुवारीत गाडी बंद पडायची. घरी येऊन कोण बघतंय?

यंदा माझ्या आधी बायको उठली. म्हणाली, “यांच्या आईशी मी यापुढे फोनवर खोटं बोलणार नाही.” आणि खाली बसली.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझं डोकं असं सणकलं, की माझी पाळी आल्यावर मी काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

खोटं म्हणजे माझी रविवारची ड्युटी. आम्ही दोघं मूळचे बौद्ध. आठ वर्षांपूर्वी बायको काविळीनं अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारच्या खोलीतलं मंडळीतलं कुटुंब महिनाभर डबा द्यायचं, उशाशी बसून प्रार्थना करायचं. आधी मी डब्याच्या भिडेपोटी उपासनेला गेलो, मग मला तिथं जावंसंच वाटायला लागलं. पुढं आम्ही दोघांनी सावित्री नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. आई मात्र पोलादपूरच्या पुढं, उमरठच्या अंगाला आमच्या वस्तीवर राहते. विहारात पुढच्या रांगेत बसणारी, मार्चात न चुकता चवदार तळ्यावर येणारी बाई. तिला सांगायची माझी छाती झाली नाही. रविवारी ये म्हणाली, की मी ड्युटी सांगायचो. उपासनेच्या वेळी तिचा फोन आला, की बायको बाहेर जाऊन तेच सांगायची.

घरी जाताना मी बायकोला म्हटलं, “चारचौघांत माझी अब्रू काढलीस.”

“घरात किती वेळा सांगितलं,” ती म्हणाली, “ऐकलंत का?”

नव्हतं ऐकलं. पण ते कबूल कोण करणार? दोन दिवस मी तोंड फुगवून बसलो. तिनं ढुंकून पाहिलं नाही. शेवटी रविवार उजाडला आणि उपासना सोडून मी पोलादपूरची एसटी धरली.

आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. “आज ड्युटी नाय रे?”

मी चप्पलसुद्धा न काढता सांगून टाकलं. थांबलो असतो तर चहा झाला असता, जेवण झालं असतं आणि मी तसाच परत आलो असतो.

तिचे हात थांबले. “किती वर्सं झाली?”

“आठ.”

“म्हंजे तुझा बाप गेला तेव्हा तू त्यांच्यातला होतास. वंदनेला हात जोडून उभा होतास माझ्या बाजूला. ते खोटं होतं?”

“नाही, आई. ते खरं होतं.”

“आणि ड्युटी?”

“ती खोटी.”

“देव तुझा तू बघ,” ती म्हणाली. “मी साऱ्या वस्तीला सांगत फिरते, माझ्या पोराला रविवारचं पण सोडत नायत. आठ वर्सं त्या कंपनीला शिव्या घातल्या मी. मला येडी केलीस.”

हसू येण्यासारखंच होतं ते. एरवी ती स्वतःच हसली असती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगितल्यावर मन हलकं होईल असं मी एसटीत बसून ठरवूनच टाकलं होतं. तसलं काही झालं नाही.

तिनं पुन्हा एक शेंग सोलली. मग शेंगांकडे बघत तिनं विचारलं, “मी रविवारी मेले तर येशील का रे?”

मला रडू आवरेना. तिनं माझी समजूत काढली नाही, उत्तराची वाट बघत बसली.

“येईन,” मी म्हटलं.

“नक्की ना?”

लहानपणापासून माझ्या कुठल्याच शब्दाला आईनं कधी ‘नक्की ना’ विचारलं नव्हतं.