ओवाळणीत मागितलेली बोटुकली

मला 'बोटुकली' म्हणणारा जगात एकच माणूस होता, माझा आतेभाऊ. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. माझे वडील हडपसरच्या पुढे, कालव्याच्या कडेला, एका खासगी मत्स्यबीज केंद्रावर कामाला होते. पावसाळ्यात नर-मादीला इंजेक्शन देऊन एका हाप्यात, म्हणजे जाळीच्या कापडाच्या पिंजऱ्यात सोडायचं, अंडी फुटली की जिऱ्याएवढी पिल्लं तळ्यात टाकायची (त्यांना जिरेच म्हणतात), आणि बोटाएवढी झाली की शेतकऱ्यांना विकायची, असा तिथला धंदा. मी चणीनं लहान. नववीत होते तरी लोक पाचवीत का म्हणून विचारायचे. आतेभाऊ सुट्टीत कोथरूडहून आला की बांधावरून ओरडायचा, "मामा, ही एक बोटुकली पाण्यात सोडायची राहिली की!" मी त्याच्या अंगावर चिखल फेकायची. राग यायचाच, पण खोटं कशाला बोलू, तो परत गेला की आठ दिवस मला करमायचं नाही.

मला एक धाकटा भाऊही होता. सहा वर्षांचा झाला तरी तीन वर्षांचा दिसायचा. खायचा चांगला, पण अंगी लागायचं नाही, आणि थंडी पडली की छाती भरायची. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी तपासायच्या आधीच विचारलं, "नात्यातलं लग्न का?" आई बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे ही लपवायची गोष्ट नव्हती, उलट कौतुकाची होती, घरातली लेक घरातच राहिली म्हणून. बाबांनी हो म्हटलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला.

पुढच्या भाऊबीजेला आत्या नेहमीसारखी मुलाला घेऊन आली. मी तबक तयार केलं, आणि ओवाळायला कोणी नाही हे तबक हातात घेतल्यावर कळलं. मग मी आतेभावाकडे वळले. आत्यानं माझं मनगट धरलं. "ह्याला नाही गं ओवाळायचं. तू चंद्राला ओवाळ." ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, तेवढं मला माहीत होतं. ह्याला का नाही, ते मात्र तिनं सांगितलं नाही. लगेच पाटावर बसलेल्या बाबांपुढे निरांजन धरून ती म्हणाली, "दादा, ओवाळणी नको मला. पोरगी दे." सगळे हसले. बाबाही हसले आणि तबकात नोट टाकली. मी तेव्हा अकरा वर्षांची. अंगणात चंद्राला ओवाळलं खरं, पण ध्यान सगळं घरात होतं.

मग दर भाऊबीजेला तेच. आत्या मागायची, बाबा हसायचे, मी आत जायची.

बाबांचं हसणं बंद झालं ते माशांमुळे. केंद्राचा मालक महाचिक्कू. वीण घ्यायला बाहेरून नर-मादी आणायचे तर खर्च, म्हणून तो आपल्याच तळ्यातले दांडगे मासे ठेवून घ्यायचा. त्यात रोहूचा एक नर बाबांचा लाडका होता. दोघांनी मिळून धरावा लागे एवढा! सगळ्या माद्यांना तोच, मग त्याच्या लेकींनाही तोच. चार-पाच वर्षं जिरे भरभरून निघाले, कोणाला काही कळलं नाही. मग एका साली बोटुकली वाढेचनात. तळं एक, खाद्य एक, पण काही करंगळीएवढी तर काही तांदळाच्या दाण्याएवढीच, एखाद्याचा कणाच वाकडा. थंडी पडली आणि एका सकाळी पाण्यावर मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर दिसला. ज्यांनी पिल्लं नेली होती ते शेतकरी दारात येऊन शिव्या देऊ लागले.

मालकानं ओळखीचे एक मत्स्यशास्त्राचे शिक्षक आणले. मी बाबांचा डबा घेऊन तिथेच उभी होते. त्यांनी पाणी बघितलं, पिल्लं बघितली आणि म्हणाले, "रोग नाही काही. सगळी एकाच घरातली झालीत. वेगवेगळ्या रक्ताची असती, तर थंडी एकाला बाधली तरी दुसरं तगलं असतं. इथं जे एकात उणं, तेच सगळ्यांत उणं."

बाबांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "साहेब, माणसांतबी असंच असतं का?"

"माणसं काय तळ्यात राहतात होय?" असं म्हणून शिक्षक हसले. बाबा हसले नाहीत.

बाबा हट्टानं उजनीला गेले. धरणावरच्या कोळ्यांकडून नदीचे रोहू घेतले आणि टेम्पोत ताडपत्रीच्या हौदाशेजारी बसून हडपसरपर्यंत हातानं पाणी थापटत आणले, कारण पाणी हललं नाही तर मासा गुदमरतो. मग त्यांनी खुणा केल्या. घरच्या माशाचा डावा पर, म्हणजे पोहायचा पंख, जरा कापायचा, उजनीच्या माशाचा उजवा. एका हाप्यात दोन डावे कधी सोडायचे नाहीत. त्या साली बोटुकली अशी काही फोफावली की मालक मिशीला पीळ देत फिरायला लागला. बाबा मला बांधावर घेऊन गेले. "बघ कशी उसळत्यात," म्हणाले आणि डोळे पुसले. मला वाटलं, आनंदानं.

त्यानंतरच्या भाऊबीजेपासून बाबा आत्याच्या मागणीवर नुसती नोट टाकायचे.

पुढे पुण्याला संगणकाचं वेड लागलं. गल्लोगल्ली क्लास निघाले. आतेभाऊ इंजिनियर झाला होता. मला प्रोग्रॅमिंग शिकवायच्या निमित्तानं दर रविवारी स्कूटर काढून कोथरूडहून हडपसरला यायचा. एवढ्या लांबून शिकवायला कोण येतं हो? आई चहा ठेवायची आणि काही विचारायची नाही. दोन हजार साल लागताना संगणकांची तारीख चुकणार, त्या भानगडीनं सगळ्यांनाच अमेरिकेची दारं उघडली होती, त्यालाही उघडली. कालव्याच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून तो म्हणाला, "आई ह्या भाऊबीजेला खरंच मागणार आहे. चालेल ना, बोटुकले?"

"चिखल फेकू का?" मी म्हटलं. रडायला येत होतं, एवढी खूश होते मी.

भाऊबीजेला आत्यानं बाबांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. "दादा, ओवाळणी नको. पोरगी दे. ह्या वेळी थट्टा नाही."

"न्हाई," बाबा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"दुसरं काय बी माग. जमिनीचा तुकडा हाय त्यो माग. ही न्हाई."

"माझा मुलगा काय वाईट आहे?"

"सोन्यासारखा हाय. पण दोघंबी डाव्या पराची हायत. आम्ही एकदा केलं, पुन्यांदा न्हाई."

आत्याला डावा-उजवा काही कळलं नाही. मला कळलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, आम्ही काय मासे आहोत का?" आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा ओवाळणं अर्धं टाकून पाटावरून उठले. आत्यानं निरांजन शांत केलं, मुलाला 'चल' म्हणाली, आणि त्यानंतर भाऊबीजेला आमच्या दारात कधी आली नाही.

तो पळून जाऊ म्हणाला असता तर मी गेले असते. तो म्हणाला नाही. मामाच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणे! विमानात बसला, झालं. त्याचाही मला राग आहे, नाही असं नाही.

बाबांनी माझ्यासाठी स्थळ शोधलं ते थेट भंडाऱ्याकडचं, हडपसरच्याच एका आयटी कंपनीत लागलेलं. उजनीला गेले होते तसेच ह्या वेळी आणखी लांब गेले. नवरा चांगला माणूस आहे. मी तणतणले की "कायले चिडते बाप्पा?" म्हणून विचारतो. मुलगी माझ्याहून वीतभर उंच आहे, आणि थंडीत तिला साधी सर्दीही होत नाही.

आता तळी राहिली नाहीत. तिथे काचेच्या इमारती आहेत. बाबा आमच्याकडे असतात. भाऊबीजेला सकाळी अंघोळ करून, टोपी घालून हॉलमध्ये बसतात. कोणी येणार नसतं. गेल्या भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत ते तसेच बसलेले बघून माझा बांध फुटला.

"मी सगळं वाचलंय, बाबा. माणसांत एवढं होतंच असं नाही. बहुतेकांची मुलं चांगली निघतात. तुमचं गणित चुकलं."

"ठाव हाय," ते म्हणाले. "त्या माशांच्या साहेबांनीबी सांगितलं हुतं. मीच गेलो हुतो पुन्हा इचारायला, त्या भाऊबीजेच्या आधी."

"मग?"

"माशाला लाखानं जिरे हुतात. निम्मे मेले तरी तळं भरल्यालं दिसतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्याकडं तू एकलीच उरली हुतीस."

मी उठले. आत जाऊन तबक घेतलं आणि गॅलरीत आले. बीजेची कोर समोरच्या टॉवरमागे गेली होती, तरी त्या दिशेला ओवाळलं, माझ्या भावासाठी. बाबांवरचा राग त्या संध्याकाळी उतरला. आतेभावाची 'बोटुकले' ही हाक मात्र अजून कानात आहे, आणि ती पुन्हा एकदा ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन. त्या वर्षी आत्यानं माझं मनगट धरलं म्हणून मी आतेभावाला ओवाळलं नाही. त्याला मी भाऊ म्हणून कधीच ओवाळलं नाही, एवढं तरी बरं झालं.