बर्फातलं दारं

इथले किस्से मी बरीच वर्षं वाचत आलेय आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणूनच वाचत आलेय. पांढरी साडी, उलटे पाय, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... आमच्या गावात ज्या चिंचेवर मुंजा आहे म्हणतात, तिच्या चिंचा मी शाळेत असताना पाडून खाल्ल्यात. त्यामुळे मी घाबरट नाही, आणि देवभोळी तर नाहीच. तरी आज लिहितेय, कारण नवऱ्याला सांगून बघितलं आणि त्याने "तू थकली होतीस" एवढ्यावर विषय मिटवला. थकले होते हे खरंच आहे. पण बाई थकली म्हणून दारातला बर्फ आपोआप निघत नाही ना.

माझं माहेर मांडवगण फराटा, तालुका शिरूर. सासर कासुर्डी, दौंड तालुका. नवरा सणसवाडीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता, तिथून त्याला स्वीडनच्या पार उत्तरेला, खाणीतल्या मशिनरीच्या कामावर पाठवलं. तो दोन आठवडे साइटवर, एक आठवडा घरी. मी तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या लोकांची उठबस करायची नोकरी धरली. सोबत चार वर्षांची मुलगी.

तिथल्या हिवाळ्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. फोटोत खोरं दिसत नाही. सकाळी उठलं की आधी खिडकीतून बघायचं, किती पडलाय. मग अंगावर तीन थर, पायात खिळ्यांचे बूट, मुलीच्या अंगात तो जाडजूड सूट कोंबायचा, आणि चेन लावून झाली की ती म्हणणार, आई शू. गाडीला रात्रभर इंजिन गरम ठेवणारी वायर लावून ठेवायची, नाहीतर इंजिन गोठून बसतं. घर भाड्याचं, उतारावर. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट आपणच साफ करायची. ती कशीबशी झाली की नगरपालिकेचा बर्फाचा नांगर रस्त्यावरून जातो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आपल्या फाटकात लोटून देतो, दगडासारखा. तो परत फोडायचा. हे रोज. आणि सगळं अंधारात, कारण सूर्य दुपारी जेवायच्या वेळेला तोंड दाखवून जातो. पहिल्या वर्षी मजा वाटली. तिसऱ्या वर्षी मी खोरं हातात घेऊन उभ्या उभ्या रडायचे आणि डोळ्यांच्या कडांना बर्फ धरायचा.

माझे वडील, आबा, हे ऐकून हसायचे. आबांचं अख्खं आयुष्य उसाला पाणी देण्यात गेलं. आमच्याकडे त्याला दारं धरणं म्हणतात. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की खोऱ्याने तिचं तोंड बांधायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. आबा अनवाणी उभे राहायचे. सरीचं तोंड बांधताना आधी मूठभर पाचट, उसाची वाळकी पानं, टाकायचे, वर माती, खोऱ्याच्या पाठीने दोन थापा, आणि शेवटी डाव्या पायाची टाच दाबायचे. कायम डावी. त्यांनी बांधलेलं दारं कधी फुटलं नाही. मोटारीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून आबा घरातल्या कुणालाही भेटले की "कसा आहेस" नाही, "लाइट हाय का" हेच विचारायचे. व्हिडिओ कॉलवरही तेच.

"मने, लाइट हाय का तिकडं?"

"न्हाई आबा. दोन वाजताच जाती इथली."

"मंग आपल्यापरीस बेकार हाय की तुमची."

लहानपणी आई मला त्यांना जेवायला बोलवायला रानात पाठवायची. जेवणासाठी ते कधीच आले नाहीत. ताप असला तरी नाही. लाइट गेली तरच खोरं खांद्यावर टाकून घराकडे वळायचे. एकदा ते तापाने फणफणले होते, तेव्हा मी बांधावरून खोटंच ओरडले, "आबा, लाइट गेली, चला घरी." मोटारीचा आवाज तर चांगला येत होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसले आणि आले.

गेल्या दिवाळीनंतर आबांना लकव्याचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दौंडच्या दवाखान्यात काही दिवस ठेवून डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा. दादा आणि वहिनी सेवा करत होते, नळीने भरवत होते. आणि मी जाऊ शकत नव्हते... आमचं तिथे राहायचं परमिट रिन्यूअलला अडकलेलं होतं, बाहेर पडले तर परत आत येता येईल याची खात्री कुणी देईना. रोज मेल बघायचा. रोज काही नाही. मला जास्त काही नको होतं. मी पोचेपर्यंत आबा असावेत आणि त्यांनी मला ओळखावं, एवढंच हवं होतं. दादा फोनवर कंटाळून म्हणायचा, "मने, मला तर वाटतं आबा आत न्हाईतच आता. नुसतं अंग हाय."

डिसेंबरात एका रविवारी वहिनीने फोन आबांच्या कानाला लावला. म्हणाली, "बोला ताई, ऐकू येतंय का कुणाला ठावं, पर बोला." काय बोलणार? मी म्हणाले, "आबा, दमले मी. रोज बर्फ ओढून हात गळालेत. आता नाही होत." आणि रडायला लागले. वहिनीने फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर वाट साफ.

रात्रभर बर्फ पडलेला. शेजारच्या छपरावर हातभर थर, आमची गाडी ओळखू येत नव्हती. आणि दारापासून फाटकापर्यंत मोकळी वाट. मला वाटलं शेजारच्या म्हाताऱ्याने मशीन फिरवलं. पण मशीनची वाट सरळ असते, कडा कापलेल्या. ही वाट उताराच्या अंगाने वळत गेली होती, पाणी जाईल तशी. दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध, थापटून बसवलेले. आणि फाटकाशी, नांगराचा बर्फ आत येतो नेमक्या त्या जागी, तोंड बांधलेलं होतं. मी बुटाने टोकरून बघितलं. आत झाडाची हिरवी डहाळी, वरून बर्फ.

मी मुलीला घेऊन त्या वाटेने गेले. संध्याकाळी शेजाऱ्याकडे घरची शंकरपाळी घेऊन गेले, धन्यवाद द्यायला. त्याने शंकरपाळी घेतली आणि म्हणाला, मी नाही केलं बाई, माझी कंबर धरलीय.

त्यानंतर जवळजवळ रोज. बर्फ पडला की वाट तयार. नवरा साइटवर असतानाही. तो घरी असला की तो म्हणायचा, घरमालकाने माणूस लावला असेल. मालकाला विचारलं, तर तो उलट म्हणाला, कराराप्रमाणे हे तुमचं काम आहे. मी पण मग जास्त खोलात गेले नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. सकाळचा अर्धा तास वाचला की माणूस बरेच प्रश्न विचारायचे सोडून देतो.

एकदाच ठसा दिसला. फाटकाजवळच्या बांधावर, अनवाणी डाव्या पायाचा, टाच खोल रुतलेली. तिकडचे लोक गरम खोलीत घामाघूम होऊन तसेच बर्फात पळतात, त्यातलाच कुणी असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण ठसा एकच होता. पुढे पाऊल नाही, मागे नाही. मी वाकून बघत राहिले, मग मुलगी थंडीने कुरकुरायला लागली.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. तिच्या बोलण्यात नवीन काळजी होती.

"ताई, तुमच्याकडं म्हाताऱ्या माणसांचं बघता म्हणून इचारते. आबा रोज सकाळी, जवा तुमच्याकडं पहाट असती बघा, तवा डावा हात वढत्यात. सारखा. काहीतरी वढल्यावानी. आन् मधीच पाय दाबत्यात गादीवर."

"कुठला पाय?"

"डावाच की. उजवा कुठं हालतोय? आन् अंग असं गार पडतंय तवा, दोन घोंगड्या टाकल्या तरी ऊब येत न्हाई."

मी तिला म्हणाले, होतं असं झटक्यानंतर. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. फोन ठेवला आणि खिडकीतून फाटकाकडे बघितलं.

परमिट फेब्रुवारीत आलं. मुलीला नवऱ्याकडे सोडून मी मिळेल त्या विमानाने निघाले. पुण्याहून गाडी केली, सणसवाडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले, घरी पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. कित्येक महिन्यांनी एवढं ऊन बघत होते, पण तिकडे लक्ष नव्हतं.

आबा ओसरीला लागून असलेल्या खोलीत होते. अर्धे उरले होते. डोळे मिटलेले, डावा पाय हळूहळू गादी दाबत होता. वहिनी म्हणाली, "आता दिवसभर चालतंय हे. आन् ह्यो पाय बघा. डॉक्टर म्हनले, रगत पोचत न्हाई."

मी पायावरचं पांघरूण काढलं.

माझं कामच हे आहे. पडून पडून होणाऱ्या जखमा मी रोज बघते. त्या टाचेला होतात, कमरेला होतात. आबांची बोटं टोकाला काळी पडली होती, कडक, आणि खाली लाल रेघ. आमच्या आश्रमात एक आजोबा आहेत, तरुणपणी थंडीत अडकून पाय गोठलेले, त्यांच्या पायाचे जुने फोटो मला त्यांनीच दाखवलेत. अगदी तेच. आणि हे डाव्या पायाला. जो लुळा पडला होता, रक्त कमी पडलंच तर ज्याला पडायला हवं होतं, तो उजवा पाय स्वच्छ होता. बाहेर मांडवगणात पंखे सुरू होण्याइतका उकाडा.

दादा मागे उभा होता. मी खाली बसले, आबांच्या कानाशी तोंड नेलं. शेजारच्या रानात मोटार चालू होती, खोलीत स्पष्ट ऐकू येत होती.

म्हणाले, "आबा, लाइट गेली. चला घरी."

पाय थांबला.

मग त्यांनी डोळे उघडले. मोटार वाजतच होती. माझ्याकडे बघितलं आणि तोंडाचा जो कोपरा चालत होता, तो हलला. हसले. बांधावर हसले होते तसेच. दादा म्हणाला, "आबांनी वळखलं तुला." आणि तो, एवढा मोठा माणूस, दाराला टेकून रडला.

त्यानंतर पायही हलला नाही आणि हातही नाही. अंग गार पडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी आबा झोपेतच गेले.

मी परत आले तेव्हा आमच्या वाटेवर गुडघाभर बर्फ होता. नवरा म्हणाला, तू गेल्यानंतर पहिले एक-दोन दिवस कुणीतरी साफ केलं, मग बंद झालं. कधीपासून, ते मी विचारलं. तो म्हणाला, लक्षात नाही, कदाचित तू पोचलीस त्या सुमारास. मी खोरं घेतलं आणि दारापासून सुरुवात केली.

डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असेल. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी असेल. मी खरंच थकले होते, तेही आहेच. मला आजपर्यंत काही उलगडलेलं नाही, आणि कुणी उलगडून सांगितलं तरी मी ऐकून घेईन, वाद घालणार नाही.

फक्त एक झालंय. आताही रोज बर्फ काढते, हात तसेच गळतात. रविवारी वहिनीचा फोन येतो. ती विचारते, "कशा हायसा ताई? दमला आसाल." मी म्हणते, नाही गं, कुठे दमतेय.

"दमले" हा शब्द मी आता मोठ्याने उच्चारत नाही.